सामाजी हसाजींचा नवस

संकटाच्या घटकेस मनुष्य परमेश्वराला काय काय देऊ करील याचा नेम नसतो. वादळात सापडलेला तांडेल समुद्राला सोन्याचा नारळ कबूल करतो, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माता देवीला आपले अलंकार अर्पण करण्यास सिद्ध होते. परंतु संकट टळले की बोललेला नवस हळूहळू विस्मरणात जातो. गरज सरो वैद्य मरो, ही रीत आपण वैद्यापुरतीच मर्यादित ठेवलेली नाही. देवालाही ती लागू केली आहे. म्हणूनच मृत्यूच्या दाढेतून सुटल्यावर ज्याने आपला शब्द बारा वर्षे जपला, तो पुरा केला आणि त्यातील उरलेली बाब पुरी करण्यासाठी निघाला असता परमुलखात देह ठेवला, अशा पुरुषाचे चरित्र सणाच्या दिवशी सर्वांनीच आठवण्यासारखे आहे. तो पुरुष म्हणजे मुंबईतील पहिल्या सिनेगॉगचे संस्थापक सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू परंपरेप्रमाणे त्यांचे नाव शमुएल यहेज्केल. इंग्रजी कागदपत्रांत ते सॅम्युअल इझिकिएल दिवेकर म्हणून ओळखले जातात.

आपल्याकडे भाद्रपद-आश्विनाचे दिवस येतात त्या सुमारास हिब्रू पंचांगातील तिश्री महिना सुरू होतो. त्याचा पहिला दिवस नव्या वर्षाचा. कोकणातील बेने इस्रायल बांधव त्याला पूर्वापार नव्याचा सण म्हणत आले. दहाव्या दिवशी कडक उपवास आणि पापक्षालनाची प्रार्थना असते. यहुदी जगत त्यास योम किप्पूर म्हणते. आमच्या कोकणात मात्र त्याचे नाव दारफळणीचा सण. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यावी, शुभ्र वस्त्रे नेसावी, कोणाशी व्यवहार करू नये, दिवसभर निराहार राहून परमेश्वराचे चिंतन करावे, अशी जुनी चाल होती. दारे लावून पाळावयाचा सण, असे ते नाव. सिनेगॉग नव्हते, धर्मग्रंथाची गुंडाळी नव्हती, विधी सांगणारा शास्त्रीही नव्हता. अशा काळात ज्याचे त्याचे घर हेच त्याचे देवालय होते.

या समाजाचा पूर्वेतिहास परंपरेने असा सांगितला जातो. फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने परत दिलेल्या आप्तेष्टांच्या देहांना त्यांनी नवगावच्याच भूमीत मूठमाती दिली आणि ते या किनाऱ्याचेच झाले. त्यांचे वंशज कोकणच्या गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, आणि गावाच्या नावापुढे कर लावून त्यांची आडनावे रूढ झाली. पुष्कळ गोष्टी ते विसरले. परंतु शनिवारी घाणा थांबवावा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करावी, खवले आणि पर असलेलीच मासळी खावी, आणि परमेश्वर एक आहे असे उच्चारणारा शमा हा मंत्र प्रत्येक प्रसंगी म्हणावा, एवढे त्यांनी सोडले नाही. शनिवारच्या विश्रांतीमुळे शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिले. शतकानुशतके या समाजाने आपला धर्म वास्तूवाचून सांभाळला, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. कारण वास्तूचे मोल वास्तू नसलेल्यालाच कळते.

अठराव्या शतकात मुंबई बेट भरभराटीस येऊ लागले, तशी कोकणातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे गेली. कोणी सुतारकाम धरले, कोणी बांधकामात शिरले, कित्येक ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणीत दाखल झाले. दिवेकर घराण्यातील सामाजी आणि त्यांचे बंधू इसाजी यांनी तलवारीचा मार्ग पत्करला. सामाजी आपल्या कर्तबगारीने देशी पलटणीतील अधिकाराच्या पदापर्यंत चढले. तेवढ्यावरच त्यांचे चरित्र संपले असते, तर आज त्यांचे नाव कोणास ठाऊकही नसते. परंतु दैवाची योजना निराळी होती.

कंपनी आणि म्हैसूरकर यांच्यामध्ये १७८० ते १७८४ या काळात दुसरे युद्ध झाले. मुंबईच्या फौजा त्यात उतरल्या होत्या. या धामधुमीत सामाजी आणि इसाजी हे दोघे बंधू टिपू सुलतानाच्या हाती बंदी म्हणून सापडले. त्या युद्धात कैद्यांचे किती हाल झाले हे इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. मृत्यू समोर उभा होता. अशा वेळी सामाजींनी मनोमन नवस केला, की या बंदिवासातून परमेश्वराने जिवंत सोडविले तर मुंबईस त्याच्या नावाने प्रार्थनामंदिर बांधीन.

त्यांची सुटका कशी झाली याविषयी बेने इस्रायल समाजात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना त्यांची जात आणि धर्म विचारण्यात आला, तेव्हा या बंधूंनी आपण बेने इस्रायल असल्याचे सांगितले. हे नाव टिपूच्या मातेच्या कानी गेले. कुराणात ज्या लोकांचा वारंवार उल्लेख येतो, ते हेच असे जाणून तिने पुत्राजवळ रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचविले. कथेला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. परंतु तिच्यातील भाव मोठा आहे. यहुदी बंदिवानाला एका मुसलमान मातेच्या दयेने जीवदान मिळाले आणि त्या जीवदानातून मराठी मुलखात देवालय उभे राहिले, असे समाजाच्या स्मृतीने जपले. त्या देवालयाला जे नाव मिळाले ते शआर हारहामीम, म्हणजे करुणेचे द्वार. जो समाज आपल्या पवित्र दिवशी घराची दारे लावून बसत असे, त्याला परमेश्वराच्या नावाचे एक उघडे दार प्रथमच लाभले.

हे दार मात्र एका दिवसात उघडले नाही. म्हैसूरचे युद्ध १७८४ च्या मंगळूरच्या तहाने संपले आणि सिनेगॉग उभे राहिले ते १७९६ साली. मधली बारा वर्षे ही या चरित्राची खरी कसोटी होय. तुरुंगाच्या अंधारात नवस सुचणे स्वाभाविक आहे. पण घरी परतल्यावर, संसाराच्या गरजा समोर असताना, भय ओसरून गेल्यावर बारा वर्षे तो मनात जागा ठेवणे ही तपश्चर्या आहे. शिपाईगिरी करणाऱ्या माणसाजवळ कुबेराचे भांडार नव्हते. तरीही मुंबईच्या मांडवी भागात त्यांनी हे मंदिर उभारले. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग आणि बेने इस्रायल समाजाचेही पहिलेच. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युअल स्ट्रीट संस्थापकांच्याच नावाने ओळखला जातो. आसपासची वस्ती इस्रायल मोहल्ला म्हणून प्रसिद्ध झाली. लोक या मंदिराला जुनी मशीद म्हणत, आणि जवळच्या मशीद रेल्वेस्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

भिंती उभ्या राहिल्या. पण सिनेगॉगचा प्राण भिंतींत नसतो. मुंबईतील सिनेगॉगमध्ये पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेला, एक पवित्र कपाट असते. त्यात सेफेर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली मोशेच्या पाच ग्रंथांची गुंडाळी ठेवतात. हे लेखन विधिपूर्वक करावे लागते आणि लिहिताना एक अक्षर चुकले तरी चालत नाही. मूर्तीवाचून गाभारा जसा रिता, तसे गुंडाळीवाचून ते कपाट रिते. मुंबईत अशी गुंडाळी लिहिणारा कोणी नव्हता. दक्षिणेस कोचीन येथे मात्र यहुद्यांची जुनी वस्ती होती. तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ साली बांधलेले. तेथून पवित्र गुंडाळ्या आणाव्यात म्हणून सामाजी निघाले. वय झालेले, प्रवास दूरचा, साधने त्या काळची. कोचीनला असतानाच १७९७ साली त्यांचे देहावसान झाले. ज्या मंदिरासाठी त्यांनी बारा वर्षे वाट पाहिली, त्या मंदिराचा सहवास त्यांना जेमतेम वर्षभर लाभला.

आता वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. संस्थापक गेले. नवी वास्तू मागे राहिली. समाज लहान, पेशाने सुतार, तेली आणि शिपाई. राजाश्रय नाही, इनाम जमीन नाही, सावकार पाठीशी नाही. एखादे देवालय बंद पडण्यास याहून अधिक कारणे कोणती हवीत? तरीही ते बंद पडले नाही. १८६० साली त्याची त्याच रस्त्यावर नव्याने उभारणी झाली, आणि मूळच्या स्थापनेपासून सव्वादोनशेहून अधिक वर्षे करुणेचे द्वार उघडे राहिले आहे. हे कशाच्या बळावर घडले? उत्तर एकच आहे. सामाजींनी नवस फेडला तो एकदा. समाजाने तो दर सणाला, दर लग्नाला, दर बारशाला पुन्हा पुन्हा फेडला.

या व्यवस्थेकडे पाहिले म्हणजे आपल्याला आपलेच गाव आठवते. सिनेगॉगचा प्रमुख तो मुकादम, त्याला साहाय्य करणारे चौगुले, खजिना सांभाळणारा गब्बाई, प्रार्थना चालविणारा हजान आणि दिवाबत्ती व झाडलोट पाहणारा समाश. यांतील मुकादम आणि चौगुला ही नावे सरळ मराठी गावगाड्यातून उचललेली आहेत. उत्पन्नाचे मार्गही असेच घरगुती. सणाच्या दिवशी कपाटाचे दार उघडण्याचा, गुंडाळी हाती घेण्याचा, वाचनासाठी पुढे बोलावले जाण्याचा मान ज्याला मिळतो तो देणगी बोलतो. नवस, लग्नकार्य, मृतांचे स्मरण, अशा प्रसंगांनी गब्बाईच्या पेटीत भर पडते. यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. शब्बाथ आणि मोठ्या सणांच्या दिवशी यहुदी मनुष्य पैशाला हात लावीत नाही. त्यामुळे त्या दिवशी केवळ शब्द दिला जातो आणि रक्कम मागाहून चुकती होते. पावती नाही, जामीन नाही. देवासमोर उच्चारलेला शब्द हेच कर्जरोख्याचे कागद. आणि योम किप्पूरच्या संध्याकाळची पहिली प्रार्थना नवस व शपथा यांच्याविषयीचीच असते, हा योगायोग म्हणता येणार नाही. बोललेले फेडल्यावाचून किंवा त्याचा विचार केल्यावाचून क्षमेची याचना करण्यास मनुष्य उभा राहू शकत नाही, असाच त्याचा आशय आमच्यासारख्या परधर्मीयास जाणवतो.

देवस्थानाला प्रत्येकाने द्यावे, या विचाराचे मूळ यहुद्यांच्या धर्मग्रंथातच फार खोल रुजलेले आहे. मिसर देशातून सुटका झाल्यावर अरण्यात परमेश्वराचा निवासमंडप उभारण्याची आज्ञा झाली. त्या वेळी वीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यावी असे ठरले. श्रीमंताने अधिक द्यावयाचे नाही, गरिबाने कमी द्यावयाचे नाही. याखेरीज ज्याने त्याने स्वखुशीने सोने, तांबे, वस्त्रे आणि रत्ने आणली. ती इतकी जमली की शेवटी मोशेला आता पुरे, अशी दवंडी पिटावी लागली. पण त्या अर्ध्या शेकेलच्या चांदीचे काय झाले? तिच्या बैठका ओतल्या गेल्या आणि त्यांच्यावर मंडपाच्या फळ्या उभ्या राहिल्या. शोभा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आली. पाया मात्र सर्वांच्या सारख्या नाण्याचा होता. देवालयाच्या अर्थशास्त्रावर याहून मोठे भाष्य आम्हांस ठाऊक नाही.

याच ग्रंथांत योवाश राजाची कथा येते. जेरुसलेमच्या मंदिराची पडझड झाली होती. लोक पैसा देत होते, पुरोहित तो घेत होते, पण वर्षामागून वर्षे गेली तरी दुरुस्ती होईना. शेवटी यहोयादा नामक मुख्य पुरोहिताने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा लेखक आणि मुख्य पुरोहित दोघे मिळून रक्कम मोजीत, आणि ती थेट सुतार व गवंड्यांच्या हाती जाई. दुरुस्ती पार पडली. कथेचा बोध दुहेरी आहे. भक्ताने द्यावे आणि विश्वस्ताने हिशेब चोख ठेवावा. यांतील एक अंग लुळे पडले की दुसरे आपोआप लुळे पडते. वर्गणी मागणाऱ्याने हे विसरू नये आणि न देणाऱ्यानेही केवळ शंकेचे निमित्त पुढे करू नये.

मुंबईच्या यहुदी समाजात मोठे दानशूर झाले नाहीत असे नाही. बगदादहून १८३२ च्या सुमारास आलेल्या डेव्हिड ससून यांनी भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६१ साली बांधविले; पुण्याचे लाल देऊळ म्हणून प्रसिद्ध असलेले ओहेल डेव्हिड त्यांच्याच औदार्याने १८६३ साली सुरू होऊन त्यांच्या पश्चात १८६७ साली पुरे झाले. त्या वास्तू भव्य आहेत आणि त्या दात्याबद्दल कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. परंतु कोकणात जे घडले ते निराळ्या जातीचे आहे. रेवदंड्यास १८४२ साली, अलिबागेस १८४८ साली, पनवेलीस १८४९ साली, पेणला १८६३ साली आणि ठाण्यास १८७९ साली सिनेगॉग उभी राहिली, आणि त्यांतून कोकणी बेने इस्रायल कुटुंबांनी आपल्या गावी प्रार्थनेचे घर मिळविले. मुंबईतही १८४३ साली दुसरे मंदिर झाले आणि ते नवी मशीद म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या मशिदीचे एक दार उघडले आणि अर्ध्या शतकानंतर किनाऱ्यावर दारामागून दारे उघडत गेली.

कीर्तनाच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्या आम्हां मंडळींना या समाजाविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटते. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतील अग्रगण्य कीर्तनकार. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यात रचून, साकी-दिंडीच्या चालींवर, टाळमृदंगाच्या साथीने ते सांगत. नारदाची गादी आणि मोशेचे आख्यान यांचा असा संगम मराठी भूमीवाचून अन्यत्र कोठे झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. सामाजींनी ज्याची मुहूर्तमेढ रोवली, ते धर्मजीवन त्या कीर्तनातून मराठी वाणीने बोलू लागले.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत या समाजातील बहुसंख्य कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या भूमीकडे गेली. ते गेले हे योग्यच झाले. दोन हजार वर्षे केलेली प्रार्थना फळास आली. पण मागे राहिलेल्या सिनेगॉगांची स्थिती कोकणात फिरणाऱ्याला दिसते. सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. काही गावी ते जमविणे कठीण झाले आहे. पाऊस मात्र माणसे मोजून पडत नाही. कौले दर वर्षी फिरवावी लागतात, लाकडाला वाळवी लागते, दिव्याला तेल लागते, राखणदाराला पगार लागतो. महानगरातील प्रसिद्ध वास्तूंकडे जगाचे लक्ष जाते. मुंबईच्या काळा घोडा भागातील केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार होऊन ते २०१९ साली पुन्हा झळाळून उठले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गावातील लहान मंदिराला बाहेरचा दाता क्वचितच सापडतो. त्याला आपल्या माणसाचाच आधार असतो, मग तो माणूस रेवदंड्यास असो, ठाण्यास असो की इस्रायलमधील लोद किंवा बेर शेवा येथे असो.

आमच्या धर्मशास्त्रात यज्ञयागादी कर्मांस इष्ट आणि विहिरी, तळी, देवालये बांधण्यास पूर्त अशी संज्ञा आहे. त्यातही नवे बांधण्यापेक्षा जीर्ण झालेल्याचा उद्धार करण्याचे पुण्य अधिक मानिले आहे. याचे कारण उघड आहे. नवे बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. गळके छप्पर शाकारणाऱ्याचे नाव कोणी कोरीत नाही. म्हणून त्याचे दान अधिक निर्मळ. हा विचार केवळ सिनेगॉगपुरता नाही. आपल्या ग्रामदेवतेच्या देवळाची वर्गणी चुकविणाऱ्या आणि उत्सवाच्या दिवशी मात्र पहिल्या पंगतीस बसणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्याला लावून पाहावा. आपण गेलो नाही तरी देऊळ असेलच, कोणीतरी दिवा लावीलच, असे प्रत्येक जण समजतो. प्रत्येकाचा तो कोणीतरी जेव्हा एकच होऊन बसतो, तेव्हा एक दिवस दिवा लागत नाही.

सामाजी हसाजी दिवेकरांनी आपल्या वाट्याचे केले. ते मंदिर बांधून गेले, आणि गुंडाळ्या आणण्याचे काम अर्ध्या वाटेवर ठेवून गेले. ते काम समाजाने शिरावर घेतले, म्हणून त्यांचा नवस फळला. जोवर एखादे कुटुंब सणाच्या दिवशी बोललेला शब्द दुसऱ्या दिवशी गब्बाईकडे जाऊन फेडील, तोवर तो नवस जिवंत आहे. नव्या वर्षाच्या या पवित्र पर्वात आमच्या बेने इस्रायल बांधवांना आयुरारोग्य लाभो, त्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात लिहिली जावोत, आणि करुणेचे ते द्वार उघडे ठेवण्याची बुद्धी परमेश्वर सर्वांना देवो.